अर्ध्यावरची लाल रेघ

मी एक जुना पर्जन्यमापक आहे, मित्रांनो. नाव ऐकून दचकू नका. पाऊस मोजायचं भांडं, एवढाच त्याचा अर्थ. हिरवट फायबरचं एक पिंप, त्यावर नरसाळं, नरसाळ्याच्या काठाला पितळी कडं आणि पोटात दोन लिटरची प्लास्टिकची बाटली. झाला माझा संसार. मला ना काटा, ना दिवा, ना घंटा. आभाळातून जे पडेल ते तोंडात घ्यायचं, पोटात साठवायचं आणि रोज सकाळी साडेआठला कोणी विचारायला येईल म्हणून वाट बघायची, हेच माझं आयुष्य. खोटं बोलायची सोय मला घडवणाऱ्याने ठेवलेलीच नाही. तरीसुद्धा तीन पावसाळे माझ्या नावावर खोटं खपलं. ते खोटं जिला भोवलं ती बाई आज रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहते. तिच्यासाठीच मला हे सगळं सांगायचं आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे आम्ही दोन मापांची भावंडं तयार व्हायचो. माझं तोंड लहान, शंभर चौरस सेंटिमीटरचं. मोठ्या भावाचं तोंड बरोबर दुप्पट. दिसायला आम्ही सारखेच, फक्त तो जरा अंगाने थोराड. प्रत्येकाबरोबर काचेचा एक मापपेला द्यायचे. पेल्यावरच्या रेघा त्या त्या तोंडाच्या हिशेबाने आखलेल्या असत; भरलेला पेला म्हणजे वीस मिलिमीटर पाऊस. माझं पाणी माझ्या पेल्यात ओतलं, तरच खरा पाऊस कळायचा. तेच पाणी मोठ्या भावाच्या पेल्यात ओतलं, तर पाऊस निम्मा दिसायचा. आम्हाला खोक्यात भरणारे विठ्ठलमामा नावाचे एक म्हातारे कारागीर होते. ते प्रत्येक खोक्यावर हात ठेवून पोरांना बजावायचे, "जोडी फोडू नका रे. जोडी फुटली की पाऊस खोटा होतो." तेव्हा मला त्यांची गंमत वाटायची.

तिथून मी ठाण्याला एका शाळेत आलो. भूगोलाचे शिक्षक होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांनी मैदानाच्या मधोमध सिमेंटचा चौथरा बांधून घेतला, पाणसळ लावून मला सरळ बसवलं आणि सभोवती तारेचं कुंपण घातलं. "ह्याच्या डोक्यावर झाडाची सावली नको, शेजारी भिंत नको," असं ते मुलांना सांगायचे. मला अगदी राजासारखं वाटायचं. पावसाळ्यात रोज चार मुलं माझ्याभोवती वाकून उभी राहायची. पेल्यातलं पाणी डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचायची. पाहुणे आले की मला दाखवायला आणायचे. कौतुक कोणाला नको असतं? मलाही हवंच होतं.

पुढे त्या मैदानावर नवी इमारत उठली. मला उपटून अडगळीच्या खोलीत टाकलं. फाटके नकाशे आणि एका बाजूने चेपलेला पृथ्वीचा गोल हे माझे शेजारी झाले. दोन पावसाळे मी छपरावर नुसते ऐकले. ज्याचं काम पाऊस झेलायचं, त्याने कोरड्या खोलीत बसून पाऊस ऐकायचा, याच्याइतकी वाईट शिक्षा नाही. भाऊ निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? लोक शाल मागतात, घड्याळ मागतात. भाऊंनी मला मागितलं.

भाऊंचं घर ठाणे पूर्वेला, खाडीच्या अलीकडे. दोन मजली जुनी सोसायटी, तळमजल्याला त्यांची जागा, मागे मोकळं आवार. त्या आवारात त्यांनी मला पुन्हा चौथऱ्यावर बसवलं. आवाराच्या कुंपणापलीकडे जमीन उतरती होत जाते. त्या उतारावर आठ बिऱ्हाडांची एक बैठी चाळ आहे, चाळीखाली नाला आहे, नाल्यापुढे खाडी आणि खाडीपलीकडे कळवा.

ठाणं हे बेटावर वसलेलं गाव आहे, हे आता कोणाच्या लक्षातही नसतं. पूल झाले, रस्ते झाले, बेटाचं बेटपण झाकलं गेलं. पाऊस मात्र ते विसरलेला नाही. मृगात तो वाजतगाजत येतो, आर्द्रात रेंगाळतो. पुनर्वसूत तो तरणा असतो, पुष्यात म्हातारा. नावाने म्हातारा असला तरी जोर त्याचाच जास्त, एकदा बसला की चार चार दिवस हलत नाही. मघा-पूर्वात उन्हाशी खेळत पडतो आणि हस्तात दुपारच्या वेळी गडगडाट करून निरोप घेतो. एवढ्या चार महिन्यांत मी अडीच हजार मिलिमीटर पाणी पोटात घेतो, म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी केली तर खालचा बुडेल आणि वरच्याची छाती भिजेल इतकं. पण घात नुसत्या पावसाने होत नाही. वरून मोठा पाऊस आणि खालून मोठी भरती एकाच वेळी आली, तर नाल्याचं पाणी खाडीत शिरायला वाट मिळत नाही. मग ते उलटं फिरतं आणि चाळीत येतं.

रोज सकाळी साडेआठला भाऊ आणि त्यांच्या पत्नी सुमतीबाई माझ्याजवळ यायचे. बाई बाटली काढून पेल्यात पाणी ओतायच्या आणि आकडा वाचायच्या. भाऊ वहीत लिहायचे. पण लिहिण्याआधी ते दर वेळी म्हणायचे, "पुन्हा बघ."

"मी पुन्हा बघितलं म्हणून पाऊस काय वाढणार आहे का?" सुमतीबाई चिडायच्या. चिडायच्या, पण पुन्हा बघायच्या. कधी कधी आकडा खरंच एक-दोनाने बदलायचा. मग भाऊ मिशीत हसायचे आणि बाई त्यांच्याकडे न बघता पेला धुवायला घ्यायच्या.

दोन हजार पाचच्या सव्वीस जुलैला माझी बाटली भरून वाहिली. चाळीत गळ्याइतकं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी भाऊंनी वहीत लिहिलं, 'बाटली भरली म्हणजे दोनशे. आज त्याच्याही वर.' ते पान मी विसरलो नाही आणि तुम्हीही विसरू नका. त्यानंतर भाऊंनी जुन्या वह्या काढल्या, पाणी चाळीत कधी कधी आलं ते लोकांना विचारून घेतलं आणि एक नियम ठरवला. साडेआठचा आकडा शंभराच्या वर असेल आणि पेपरात दुपारची मोठी भरती दिली असेल, तर चाळ रिकामी करायची. शंभराच्या आत असेल, तर घाबरायचं कारण नाही. पुढची कित्येक वर्षं हा नियम एकदाही चुकला नाही. चाळीतली माणसं पावसाळ्यात देवाच्या आधी भाऊंना विचारायची.

सगळ्यांत जास्त विचारायची ती रतन. चाळीच्या अगदी तळाच्या, नाल्यालगतच्या खोलीत ती आणि तिची सासू हौसाबाई राहायच्या. रतनचा नवरा सुदेश आजारपणात गेला, मूलबाळ नव्हतं. माहेरची माणसं म्हणाली, गावी ये, दुसरं बघू. ती गेली नाही. "आईंना कोण बघणार?" एवढंच म्हणाली आणि डोंबिवलीच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली. हौसाबाई राजापूरकडच्या, जिभेने तिखट. मला त्या 'डबा' म्हणायच्या. "काय म्हणतो भाऊंचा डबा?" असं कुंपणावरून ओरडून विचारायच्या. मला तो शब्द अजिबात आवडायचा नाही. आज कोणी डबा म्हणालं तर मी किती आनंदाने ऐकेन!

आठ वर्षांपूर्वी हौसाबाई मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या कायमच्या खाटेला खिळल्या. तेव्हापासून रतनची सकाळ ठरून गेली. सासूला धुवून-पुसून, चहा-भाकरी देऊन, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून ती साडेआठला कुंपणाशी यायची.

"भाऊ, आज किती ओ?"

आकडा शंभराच्या आत असला की ती दाराला बाहेरून कुलूप लावायची, चावी शेजारच्या रिक्षावाल्या धाकूच्या घरी द्यायची आणि कामाला जायची. कुलूप लावलं नाही तर कुत्री शिरायची. आकडा शंभराच्या वर गेला आणि भरती असली की ती खाडा करायची. मग धाकू आणि आणखी एक जण मिळून हौसाबाईंना खुर्चीत बसवायचे आणि उचलून सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर आणून ठेवायचे. म्हातारी वरून सगळ्यांना सूचना देत राजासारखी बसायची. दर पावसाळ्यात असं तीन-चार वेळा व्हायचं. माझ्या एका आकड्यावर एक जीव वरखाली व्हायचा, मित्रांनो. याचा मला फार अभिमान होता.

मग एका हिवाळ्यात सुमतीबाई गेल्या.

त्यानंतरच्या जूनमध्ये भाऊ एकटेच आले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पेला दगडावर पडला आणि त्याचे तुकडे झाले. माझा जन्माचा जोडीदार माझ्या पायाशी फुटून पडला. भाऊ खाली बसले आणि एक एक तुकडा वेचत राहिले. ते पेल्यासाठी रडत नव्हते, हे मला कळत होतं.

मुलगा सलिल गुणी. त्याच संध्याकाळी त्याने दुकानातून नवा पेला आणला. पावसाचा मापपेला द्या म्हणाला, दुकानदाराने जास्त खपतो तो दिला. तो मोठ्या भावाचा पेला होता. बुडाशी बारीक अक्षरात तसं कोरलेलंही होतं. सलिलने बघितलं नाही, भाऊंना दिसलं नाही.

"जरा जाडजूड आहे," भाऊ तो हातात तोलून म्हणाले. "पण बरं झालं, धरायला सोपा."

मला विठ्ठलमामा आठवले. दुसऱ्या दिवशी साठ मिलिमीटर पाऊस झाला होता. भाऊंनी पाणी ओतलं आणि लिहिलं, तीस. मी मनात म्हणालो, आता म्हणतील, पुन्हा बघ. पण पुन्हा बघायला कोणी नव्हतं. भाऊंनी वही मिटली आणि ते आत गेले.

तो पावसाळा संपला तेव्हा वहीत पाऊस निम्मा भरला. शहाण्या माणसाला इथे शंका यायला हवी होती. पण भाऊंचा त्या वहीवर इतका विश्वास, की त्यांनी शंका पावसावर घेतली! पेपरात वेधशाळेचा आकडा मोठा यायचा. भाऊ म्हणायचे, "ते त्यांच्याकडचं माप. आपल्याकडे आता पडत नाही." ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर त्यांनी 'ठाण्याचा पाऊस आटला' या विषयावर भाषण केलं. टाळ्या झाल्या, हारही घातला. तो हार त्यांनी घरी आणून माझ्या कड्यावर ठेवला. लोखंडाची बेडी घातली असती तर मला कमी टोचली असती.

दुसऱ्या पावसाळ्यात एकदा पाणी चाळीच्या पायरीला लागून परतलं. धाकू सांगायला आला. "भाऊ, काल पाणी दारापर्यंत आलेलं. तुम्ही तर पंचावन्न बोललेलात."

"नाल्यात प्लास्टिक अडकलं असेल," भाऊ म्हणाले. "पंचावन्नला पाणी येत नाही, धाकू. पस्तीस वर्षं मोजतोय मी."

धाकूने मान डोलावली. पस्तीस वर्षांपुढे तो काय बोलणार? मी तिथेच होतो. माझ्या पोटातून त्या दिवशी एकशे दहा गेले होते. मला हात असते तर मी भाऊंची वही फाडली असती.

आणि मग गेल्या वर्षीचा तो दिवस आला. पुष्य नक्षत्र लागलेलं. रात्रभर म्हातारा पाऊस कोसळत होता, नरसाळ्यात पाणी मावत नव्हतं. सकाळपर्यंत बाटली गळ्याशी आली होती. एकशे चौऱ्याऐंशी! माझ्या जुन्या पेल्याने मोजले असते तर नऊ पेले भरून वर चार. मी घाबरलो होतो, पण मनात एक आशाही होती. वाटलं, आज भाऊ बाटली बघतील. एवढी गच्च भरलेली बाटली हाताला जड लागेल, आणि ते म्हणतील, हे काय?

भाऊ छत्री सावरत आले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बाटली. बाटली जड लागली म्हणून त्यांनी छत्री टाकली, तरी मन थबकलं नाही. चार पेले भरले आणि पाचव्यात बारा.

कुंपणापाशी रतन उभी होती. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, हातात जेवणाचा डबा. "भाऊ, आज किती ओ? लई पडलाय."

"ब्याण्णव."

"भरती मोठी आहे म्हणतात. एकला. पावणेपाच मीटर."

"असू दे. शंभराच्या आत आहे ना? जा तू."

ती घुटमळली. कुंपणाच्या तारेवर बोट फिरवत राहिली. "खाडा केला असता, पण ह्या महिन्यात दोन झालेत. जाऊ ना मी?"

"बिनधास्त जा," भाऊ म्हणाले.

मी ओरडलो, मित्रांनो! एकशे चौऱ्याऐंशी, रतन, जाऊ नकोस, एकशे चौऱ्याऐंशी! पण माझ्याजवळ आवाज म्हणजे नरसाळ्यावर थेंब पडल्याचा आवाज, तेवढाच. तो तर सगळ्या गावभर वाजत होता. रतनने दाराला कुलूप घातलं. आतून हौसाबाईंचा आवाज आला, "डबा काय म्हणाला गं?" "जा म्हणाला," रतन म्हणाली. तिने चावी धाकूच्या बायकोकडे दिली आणि ती निघून गेली.

रिकामी झालेली बाटली पुन्हा भरू लागली. नऊ वाजता दहा मिलिमीटर, दहा वाजता पस्तीस. मी मोजत होतो, कारण मला दुसरं काहीच येत नाही. साडेदहा वाजले, अकरा वाजले. धाकूची बायको धाकट्या मुलाला शाळेतून आणायला गेली आणि रस्त्यात पाणी तुंबल्याने तिकडेच अडकली. चावी तिच्या कमरेला. बारा वाजता नाल्याचा रंग बदलला, पाणी थांबलं आणि मग हळूहळू उलट्या दिशेने सरकू लागलं.

भाऊंची सून नीरजा त्या दिवशी घरी होती. डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत ती काम करते, रोज हातात मापपेलेच असतात. ती मागच्या दारात आली आणि चाळीकडे बघून म्हणाली, "भाऊ, पाणी वर येतंय."

"येणार नाही. ब्याण्णव आहे."

"अहो, येतंय. बघा तरी."

"नीरजा, ब्याण्णवला पाणी येत नाही."

ती वाद घालत बसली नाही. तशीच भिजत माझ्याजवळ आली, नरसाळं उचललं आणि बाटली वर काढली. बाटली बरोबर अर्धी भरली होती. तिने ते पाणी नव्या पेल्यात ओतलं, अडीच पेले झाले. पन्नास. ती पेल्याकडे बघत राहिली, मग बाटलीकडे. माझा जीव त्या बाटलीत अडकला होता. बघ, बाई, नीट बघ.

"भाऊ," ती म्हणाली, "भरलेली बाटली म्हणजे दोनशे, असं तुमच्याच वहीत आहे ना? मग अर्धी म्हणजे शंभर. हा पेला पन्नास कसा दाखवतो?"

भाऊ पायरीवर उभे होते. 

तिने पेला उलटा केला, बुडावरची बारीक अक्षरं वाचली आणि तिचा चेहरा उतरला. "हा पेला ह्याचा नाहीच. भाऊ, सकाळी बाटली किती भरली होती?"

पावसाच्या आवाजात भाऊंचं उत्तर मलाही जेमतेम ऐकू आलं.

"गळ्यापर्यंत."

नीरजाने पेला तिथेच टाकला आणि कुंपणाकडे धावली. "धाकू! अरे धाकू! हौसाबाईंना काढा! धाकू!"

चाळीत एव्हाना गुडघाभर पाणी होतं आणि ते डोळ्यांदेखत चढत होतं. लोक पोरं आणि गाद्या घेऊन वर पळत होते. कोणाच्या मनात हौसाबाई आल्या नाहीत असं नाही. पण ज्याने त्याने दाराचं कुलूप बघितलं आणि समजून घेतलं, की रतनने त्यांना सकाळीच वर नेलं असणार. मोठा पाऊस, मोठी भरती, म्हणजे म्हातारी वर. इतक्या वर्षांची सवय होती ती. आमच्या नियमानेच त्यांची समजूत करून दिली होती.

सकाळपासून रिक्षावर असलेला धाकू नुकताच परतला होता, त्याने पहार आणली. कुलूप तुटलं, पण आत भरलेल्या पाण्याच्या रेट्याने दार हलेना. तिघांनी खांदे लावले. भाऊ ऐंशी वर्षांचे, अंगावर घरातला सदरा, छातीइतक्या पाण्यात उतरायला निघाले होते. नीरजाने त्यांना कंबरेला मिठी मारून धरून ठेवलं होतं. "सोड मला, मी सांगितलं तिला जा म्हणून, मी सांगितलं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दार उघडलं. धाकू आत गेला. बराच वेळ तो बाहेर आला नाही. आला तेव्हा हौसाबाई त्याच्या हातांवर होत्या आणि त्यांचा एक हात खाली लोंबत होता. धाकूने वर भाऊंकडे बघितलं आणि मान हलवली.

रतन पाच वाजता आली. तोवर ओहोटी लागून पाणी उतरलं होतं. कोणी तरी तिला रस्त्यातच सांगितलं असावं, कारण ती रडत नव्हती, नुसती भरभर चालत होती. खोलीकडे जाण्याआधी ती कुंपणापाशी थांबली. भाऊ माझ्या चौथऱ्यावर बसले होते. तिने नेहमीच्याच आवाजात विचारलं,

"भाऊ, ब्याण्णव होते ना ओ?"

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.  

त्या आठवड्यात भाऊंनी खिडकीत बसून वही दुरुस्त केली. तीन पावसाळ्यांचा प्रत्येक आकडा खोडून दुप्पट लिहिला. त्या दिवसाच्या पानावर '१८४' लिहिलं आणि त्याच्याखाली, 'सांगितले : ९२'. मग वही मिटली आणि खिडकीही मिटली. त्यानंतर साडेआठला कोणी आलं नाही. बाटली भरून वाहिली, पिंप भरलं, त्यात डासांची अंडी झाली. हस्ताचा पाऊस आला आणि गेला. हिवाळ्यात माझ्या नरसाळ्यात कावळ्याने काटक्या आणून टाकल्या. पितळी कडं हिरवं पडलं. मला त्याचं दुःख झालं नाही. मला वाटत होतं, हेच ठीक आहे. कोणी तरी येऊन मला उचलावं आणि खाडीत फेकून द्यावं.

या जूनमध्ये, मृग लागायच्या आदल्या दिवशी, आवाराचं फाटक वाजलं. रतन आत आली. इतक्या वर्षांत ती कधी माझ्या चौथऱ्याजवळ आली नव्हती. तिच्या हातात नारळाची शेंडी, दूधवाल्याचं लिटरचं माप आणि एक लहानशी बाटली होती. मी मनाची तयारी केली. म्हटलं, फोड मला. तुझा हक्क आहे.

तिने नरसाळ्यातल्या काटक्या काढल्या. शेंडीने माझं अंग घासलं, कडं घासलं, पिंपातलं घाण पाणी उपसलं. बाटली विसळली आणि लिटरचं एक माप भरून नळाचं पाणी त्यात ओतलं. पाणी बरोबर अर्ध्यावर, म्हणजे शंभरावर थांबलं; तिथे, त्या लहानशा बाटलीतल्या नखं रंगवायच्या लाल रंगाने, एक रेघ ओढली.

धाकू कुंपणातून बघत होता. त्याची सून संचिता नुकतीच बाळंत झाली होती, तान्हं मूल त्याच तळाच्या रांगेत होतं. "रतन, पेला आणून देऊ का गं? बरोबरचा?"

"नको," रतन म्हणाली. "पेला फुटतो, बदलतो. बाटली ही त्याचीच आहे. रेघेच्या वर गेलं की संचिताला वर न्यायचं. मला तेवढंच कळायला हवं."

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. मला रंग लावू नका, हार घालू नका, माझ्याविषयी भाषण तर मुळीच करू नका. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात मोजायची जी जी वस्तू असेल, ती तिच्याच जोडीच्या मापाने मोजता आहात ना, एवढं वर्षातून एकदा तरी बघा. आम्हा मुक्या वस्तूंना खरं माहीत असतं, पण आम्हाला ते ओरडून सांगता येत नाही. आणि ज्या आकड्यावर कोणाचा तरी जीव ठेवला आहे, तो आकडा सांगण्याआधी थांबा.

आता रतन रोज साडेआठला येते. घरात कुलूप लावून ठेवावं असं तिचं कोणी उरलेलं नाही, तरी येते. बाटली वर काढते, बघते, चाळीकडे तोंड करून सांगते. मग भाऊंच्या बंद खिडकीकडे वळून तेच पुन्हा म्हणते, "भाऊ, रेघेच्या चार बोटं खाली." "भाऊ, आज थेंबभर." खिडकी उघडत नाही. ती कामाला जाते. असा सगळा मृग गेला, आर्द्रा गेल्या.

आज सकाळी पुनर्वसूचा पाऊस होता. तिने बाटली डोळ्यांसमोर धरली. "भाऊ, रेघेला दोन बोटं कमी."

खिडकीची कडी वाजली. फट पडली. आत अंधार होता, भाऊंचा चेहरा दिसला नाही, फक्त त्यांचा खरखरीत आवाज आला.

"पुन्हा बघ."

रतनने पदराने बाटली पुसली आणि पुन्हा बघितलं.